टबात काय ओतायचं

मोडीत निघालेल्या वॉशिंग मशीनचा टब
लोखंडी चौकटीवर उभा केला.
खाली नळी, नळीला जाळी, जाळीखाली बादली.
कूलरचा पंप बसवला होता, तो रात्रीच काढून टाकला.
पाण्यातला पंप तो, इथे एखादी ठिणगी टाकायचा.
आता ब्रश आणि हात.
प्रश्न एकच उरला, आणि तो आठवडाभर
माझ्याबरोबर जेवायला बसतोय.

पेट्रोल सगळ्यात सोपं.
मळ असा सुटतो, जणू कधी बसलाच नव्हता.
पण भिंतीच्या पलीकडे आईची शेगडी,
आणि अलीकडे, उलट्या क्रेटवर, बाबा.

बाबांनी तेहतीस वर्षं बार्जची इंजिनं उघडली.
संध्याकाळी शिरोड्याच्या धक्क्यावर
कोपरापर्यंतचं काळं पेट्रोलनेच धुतलं,
साबण नंतर, घरी.
आधी कातडीला चिरा पडल्या. मग वास गेला.
कधी गेला ते त्यांनाही सांगता येत नाही.
यंदा एप्रिलात कायतानने हुर्राकाची पहिली बाटली आणली,
बूच काढून त्यांच्या नाकाखाली धरली.
बाबा हसले,
परक्याच्या लग्नात हसतात तसे.

असा माणूस इथे बसून विडी पेटवतो.

थिनर एकदा वापरलं होतं.
रात्री भिजत घातलेली ओ-रिंग
सकाळी खोबणीत मावेना.
कॉस्टिकचं गरम पाणीही करून पाहिलं.
रोकच्या स्कूटरचा कार्बोरेटर, पायलटचा धंदा त्याचा,
पिवळं मडगार्ड दारात, तो पायरीवर.
बुडबुडे येत होते, मला वाटलं मळ निघतोय.
निघत होता कार्बोरेटर.
नवा आणून दिला. हिशेब अजून वहीत आहे.

घासलेट रेशनच्या दुकानातून नावासकट गेलं.
डिझेल मिळतं, पटकन भडकतही नाही,
पण मागे तेलाचा पापुद्रा ठेवतं
आणि माझ्या केसांत झोपायला येतं.
कायतान म्हणाला, "फेणयेन धू गो,
इंजिनाक लेगीत बरें दिसतलें."

आणि विहीर. टबापासून अकरा पावलं.
खाली चिरा आहे, आणि चिरा काहीही पितो.
गेल्या वर्षी अर्धा डबा कलंडला,
तेव्हा आईने कळशी उन्हात धरून
पाण्यावरचे रंग दाखवले होते मला.
बोलली नाही काही.
महिनाभर शेजारच्या नळावर उभी राहिली.

शेवटी वेर्ण्याच्या एका गोदामातून आणलं.
वीस लिटरचा डबा, किंमत ऐकून परत फिरणार होते.
साठ अंशांच्या आत पेट घेत नाही असं डब्यावर लिहिलंय,
मी दोनदा वाचलं, मग काउंटरवरच्या पोराकडून वाचून घेतलं.
रबराला चालतं. सावकाश काम करतं.
टबाखाली पत्र्याचा ट्रे, वर झाकण.
गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पुन्हा ओतायचं,
तळातलं काळं कॅनमध्ये,
जुनं ऑइल नेणारा येईपर्यंत.
विडी तरीही बाहेर, फणसाखाली. हे ठरलंय.
ठरलंय म्हणजे मी ठरवलंय.

आज पहिल्यांदा भरलं.
वाकून पाहिलं तर वास जवळजवळ नाहीच.
बाबा उठले. विचारलं नाही काही.
दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली,
पंख्याखाली धरून थांबले.
पेट्रोल गार लागतं आणि उडून जातं.
घासलेट रेंगाळतं. डिझेल जातच नाही.
नाकाचं काम बोटांनी कधी शिकून घेतलं, कोण जाणे.

"पेट्रोल न्हय."
मी ब्रश खाली ठेवला.
"घासलेटूय न्हय." आणखी थोडं चोळलं.
"उबना रोखडें. बरें हाडलां."

मग फडक्याला हात पुसले
आणि बोटं सवयीने नाकाशी नेली.

मीही नेली.